रोमन नाण्याची किंमत त्याच्या वयावर ठरत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नाण्यांच्या संग्रहाविषयी अलीकडे जो लेख प्रसिद्ध झाला, त्यासोबत एका रोमन नाण्याच्या एकाच बाजूचे छायाचित्र होते आणि त्याखाली ‘सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे अमूल्य नाणे’ एवढीच ओळ होती. नाणे कोणत्या सम्राटाचे, कोणत्या धातूचे, किती वजनाचे, दुसऱ्या बाजूस काय आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर लेखात नव्हते. नाणे जितके जुने तितके ते मौल्यवान, हा निष्कर्ष मात्र ठामपणे मांडला होता. मी चाळीसहून अधिक वर्षे रोमन नाणी पाहत, मोजत आणि वाचत आलो आहे. हा समज किती खोलवर रुजलेला आहे आणि त्यापायी नाण्यांची व ती जपणाऱ्यांची किती हानी होते हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

एप्रिल २०१० मध्ये इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात फ्रोम या गावाजवळच्या शेतात, धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका हौशी शोधकाला मातीचा एक रांजण सापडला. त्या एका रांजणात ५२,५०३ रोमन नाणी होती आणि त्यांतली बहुतेक इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील होती. पुढे सॉमरसेटच्या संग्रहालयाने हा सगळा साठा ३,२०,२५० पौंडांना घेतला. भागाकार करून पाहिला तर एका नाण्याला सरासरी सहा पौंडांच्या आसपास पडतात. साठ्यातल्या सगळ्या नाण्यांची किंमत अर्थातच सारखी नव्हती. ब्रिटनमध्ये बंड करून स्वतःला सम्राट म्हणवून घेणाऱ्या कॅरॉसियसची साडेसातशेहून अधिक नाणी त्यात होती आणि त्यांतली चांदीची मोजकी नाणी फारच दुर्मीळ आहेत. तरीही सतराशे वर्षे जमिनीखाली राहिलेल्या नाण्याची सरासरी किंमत सहा पौंड असू शकते, एवढे त्यातून नक्की समजते. रोमच्या टांकसाळी शतकानुशतके, मुख्यतः सैन्याचे पगार भागवण्यासाठी, अफाट संख्येने नाणी पाडत होत्या. अस्थिर काळात लोक ती जमिनीत पुरून ठेवत होते, आणि पुरणारा परत आला नाही की ती तिथेच राहत होती. म्हणूनच आज ती इतक्या संख्येने सापडतात.

याच्या दुसऱ्या टोकाला ब्रूटसचे नाणे आहे. ज्युलियस सीझरच्या वधानंतर, इ. स. पू. ४२ मध्ये, त्याच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने आपल्या सैन्यासाठी जी नाणी पाडली त्यांतल्या एका प्रकारावर मागच्या बाजूस दोन खंजीर आहेत, त्यांच्या मधोमध गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसाने घालायची टोपी आहे आणि खाली ‘ईद मार’ अशी अक्षरे, म्हणजे सीझरच्या वधाची मार्च महिन्यातली ती तारीख कोरलेली आहे. चांदीत या प्रकारची शंभरएक नाणी ज्ञात आहेत, सोन्यात केवळ तीन. सोन्याचे एक नाणे ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला गेले. ते फ्रोमच्या नाण्यांपेक्षा तीनशेएक वर्षांनी जुने आहे खरे, पण सहा पौंड आणि बेचाळीस लाख डॉलर यांच्यातले अंतर त्या तीनशे वर्षांनी पडलेले नाही. या नाण्याकडे मला पत्राच्या शेवटाकडे पुन्हा यावे लागणार आहे.

किंमत विचारण्याआधी ओळख पटली पाहिजे, आणि ओळखीची सुरुवात चेहऱ्यापासून नव्हे तर धातू, वजन आणि व्यास यांपासून करावी, असे माझे मत आहे. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात जी पद्धत बसली ती लक्षात ठेवण्याजोगी आहे: सोन्याच्या एका ऑरियसला चांदीचे पंचवीस दिनारियस, एका दिनारियसला चार सेस्टर्शियस, एका सेस्टर्शियसला दोन डुपोंडियस आणि एका डुपोंडियसला दोन अस. सेस्टर्शियस हे पितळेचे, तीस मिलिमीटरहून रुंद, पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरणारे भरदार नाणे असते, त्यामुळे त्याविषयी घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो डुपोंडियस आणि अस यांच्यात, कारण दोन्ही आकाराने जवळजवळ सारखे असतात. पण डुपोंडियस पितळेचे असते आणि अस तांब्याचे. जमिनीत राहून दोघांचा रंग एकच झालेला असला, तर सम्राटाच्या मस्तकाकडे पाहावे. नीरोच्या काळापासून डुपोंडियसवर बहुधा सूर्यकिरणांसारखे टोकदार मुकुट दिसू लागतात.

हाच किरणमुकुट पुढे चांदीच्या नाण्यावर येतो. इ. स. २१५ मध्ये कॅराकॅलाने एक नवे नाणे काढले, ज्याला आज अँटोनिनियानस म्हटले जाते. ते दोन दिनारियसांच्या मोलाने चालवले गेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात चांदी मात्र दोन दिनारियसांइतकी नव्हती. रोमन चांदीच्या घसरणीची कथा ही अशीच पायरी पायरीने उतरत जाते. नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास एका रोमन पौंड चांदीतून ८४ ऐवजी ९६ दिनारियस पाडायला सुरुवात केली आणि कसही थोडा उतरवला, सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात दिनारियसमध्ये निम्म्याच्या आसपास चांदी उरली, आणि इ. स. २६८ ते २७० या वर्षांतल्या अँटोनिनियानसमध्ये ती शेकडा दोन-चारवर आली. वर चांदीचा पातळ थर, आत तांबे, आणि तो थर झिजला की नाणे तांब्याचेच दिसते. ‘हे चांदीचे म्हणून मिळाले होते, पण आत तांबे निघाले, म्हणजे बनावट’ असे म्हणत अनेक जण अशी नाणी टाकून देतात. ते हीण रोमच्या टांकसाळीनेच मिसळलेले असते, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला त्या हिणाइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

आता वाचनाविषयी. गेल्या वर्षी एक तरुणी वडिलांच्या मागे राहिलेले एक नाणे घेऊन माझ्याकडे आली. कागदाच्या जुन्या पाकिटातून तिने ते टेबलावर काढून ठेवले आणि म्हणाली, “काका, यावर कुठेच साल नाही. साल नसेल तर हे ओळखता येणार नाही, असं मला सांगितलं आहे.” नाणे चांदीचे होते, वजन ३.२ ग्रॅम, व्यास अठरा मिलिमीटरच्या थोडा वर. समोर पर्णमुकुट घातलेले, कपाळावर सरळ कापलेल्या बटांचे, दाढी नसलेले मस्तक होते. मी भिंग तिच्या हातात दिले आणि खाली डावीकडून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक अक्षर वाचायला सांगितले.

समोरची अक्षरे ‘इंप त्रायानो ऑग गेर दाक’ अशी सुरू होत होती. इंप म्हणजे इंपेरातोर आणि ऑग म्हणजे ऑगस्टस, या दोन्ही सम्राटाच्या पदव्या; त्रायानो म्हणजे सम्राट ट्राजन; गेर आणि दाक म्हणजे जर्मनांवर व डेशियनांवर विजय मिळवणारा. रोमन लेखनात ‘उ’ साठी इंग्रजी ‘व्ही’सारखेच अक्षर कोरत, शब्दांमध्ये बहुधा जागा सोडत नसत आणि जवळजवळ प्रत्येक शब्द तोडून लिहीत, एवढ्या तीन गोष्टी कळल्या की निम्मी अडचण संपते. ‘त्रायानस’ असे न लिहिता ‘त्रायानो’ का लिहिले, याचे उत्तर मागच्या बाजूला होते. तिथे हातात तराजू आणि समृद्धीचे शिंग घेतलेली न्यायदेवता इक्विटास उभी होती आणि भोवती ‘कॉस पाच, पी पी, एस पी क्यू आर, ऑप्टिमो प्रिंक’ असा मजकूर होता: सिनेट आणि रोमन जनता यांच्याकडून, सर्वोत्तम राज्यकर्त्यास. म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकच वाक्य आहे आणि सम्राटाचे नाव चतुर्थी विभक्तीत आहे, कारण नाणे जणू त्याला अर्पण केलेले आहे. आणि साल? साल ‘कॉस पाच’मध्ये होते. ‘कॉस’ म्हणजे कॉन्सल, हे रोमचे एक वर्षाचे मानाचे पद; ट्राजन पाचव्यांदा कॉन्सल झाला इ. स. १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये. म्हणून हे नाणे १०३ ते १११ या नऊ वर्षांतले. रोमन नाण्यावर वर्षाचा आकडा नसतो, पण पदांचा हिशेब असतो, आणि तो हिशेब मांडता आला की काळ सापडतो.

प्रत्येक वेळी तो इतका नेमका सापडतो असे नाही. हेड्रियन इ. स. ११९ मध्ये तिसऱ्यांदा कॉन्सल झाला आणि त्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे १३८ पर्यंत, पुन्हा झालाच नाही, त्यामुळे त्याच्या नाण्यावर ‘कॉस तीन’ दिसले तर वीस वर्षांचा पट्टा उरतो. मग ‘राष्ट्रपिता’ या अर्थाची पी पी ही अक्षरे, जी त्याने १२८ मध्ये स्वीकारली, आहेत की नाहीत हे पाहून तो थोडा आवळावा लागतो. चौथ्या शतकातल्या तांब्याच्या लहान नाण्यांवर पदांचा हिशेब जवळजवळ नाहीसा होतो आणि ‘डी एन’, म्हणजे ‘आमचे स्वामी’, एवढे नावाआधी उरते. पण त्याच काळात मागच्या बाजूस, आकृतीच्या पायाखालच्या पट्टीत, टांकसाळीची खूण येते. ‘प्लॉन’ म्हणजे लंडन, ‘एस एम ए एन’ म्हणजे अँटिओक, ‘सिस’ म्हणजे सिस्किया, ‘टी आर’ म्हणजे ट्रियर, आणि सोबतच्या एखाद्या अक्षराने टांकसाळीतला कारखानाही कळतो. समोरचा चेहरा झिजून गेला असला तरी ही खालची पट्टी शाबूत असेल तर नाण्याचे जन्मस्थान सांगता येते, म्हणून छायाचित्र घेताना ती कापली जाऊ नये.

एवढी ओळख पटली की मग सूची पाहावी. रोमन सम्राटांच्या नाण्यांच्या ज्या दहा खंडांच्या इंग्रजी सूचीचा पहिला खंड १९२३ मध्ये निघाला, तिच्यावर आधारलेला शोधसंच अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवलेला आहे. त्यात वाचलेली चार-सहा अक्षरे टाकली तरी नाण्याचा प्रकार व क्रमांक मिळतो. एक सावधगिरी सांगतो. छापील खंडांत प्रत्येक प्रकारापुढे तो किती दुर्मीळ हे दाखवणारी खूण आहे, आणि विक्रेते ती खूण मोठ्या अक्षरांत मिरवतात. त्यांतले अनेक खंड जुने आहेत आणि त्यानंतर धातुशोधक यंत्रांमुळे लाखो नाणी जमिनीबाहेर आली आहेत, त्यामुळे तेव्हा दुर्मीळ वाटलेले प्रकार आज सर्रास मिळतात. त्यापेक्षा मोठ्या साठ्यांतले प्रमाण मला अधिक भरवशाचे वाटते. बल्गेरियात १९२९ मध्ये रेका देव्हनिया येथे सापडलेल्या साठ्यातली ऐंशी हजारांहून अधिक नाणी नोंदली गेली, ती जवळजवळ सगळी चांदीची आहेत. कोणत्या सम्राटाचा कोणता दिनारियस किती वेळा येतो हे त्या नोंदीवरून आजही ताडून पाहिले जाते.

खऱ्या-खोट्याचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे. नाणे वाजवून घ्यावे, असे आपण सहज म्हणतो आणि व्यवहारात ते खरेही आहे, पण प्राचीन चांदीच्या बाबतीत ही चाचणी कोणीही करू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. शतकानुशतके जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ होते. वरून धडधाकट दिसणारा दिनारियस फरशीवर टाकला तर त्याचे दोन तुकडे होऊ शकतात, आणि ते तुकडे जोडून नाणे पूर्वीसारखे होत नाही. चाचणी करायचीच तर डोळ्यांनी आणि वजनकाट्याने करावी. रोमन नाणे दोन ठशांच्या मध्ये ठेवून घणाने ठोकलेले असते, त्यामुळे त्याच्या कडेला ताणल्याच्या बारीक भेगा असतात आणि अक्षरांच्या कडा धारदार असतात. ओतीव नकलेत अक्षरे मऊ व गुळगुळीत, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे सुईच्या टोकाएवढे खड्डे, आणि कडेला साच्याचा जोड घासून काढल्याची रेघ आढळते. वजन अपेक्षेपेक्षा बरेच कमी-जास्त असेल, किंवा दोन ‘वेगवेगळ्या’ नाण्यांवर एकाच जागी एकसारखा ओरखडा असेल, तर संशय पक्का समजावा.

ओतीव नकलांपेक्षा नवे ठसे कोरून ठोकलेल्या नकला अधिक घातक. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर याने शेकडो प्रकारच्या प्राचीन नाण्यांचे ठसे स्वतः कोरले, आणि नवी नाणी वापरलेली दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसासह डब्यात घालून घोडागाडीला बांधून फिरवत असे, असे सांगितले जाते. त्याचे काम इतके सफाईदार होते की आज बेकरच्या नकलाच संग्रहालयांत जपल्या जातात. सगळे खोटे आधुनिक असते असेही नाही: तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून ठोकलेले दिनारियस रोमन काळातच फसवणुकीसाठी केले जात, आणि कड फुटून आतला हिरवा गाभा दिसला की ते ओळखू येतात. ती नाणी त्या काळातली खोटी असली तरी प्राचीन म्हणून खरीच आहेत, आणि संग्राहक ती आवर्जून घेतात. आणखी एक उदाहरण विचार करायला लावणारे आहे. ट्रान्सिल्व्हेनियात १७१३ मध्ये सापडलेल्या काही सोन्याच्या नाण्यांवर स्पॉन्सियन नावाच्या, इतिहासाला अन्यथा ठाऊक नसलेल्या सम्राटाचे नाव आहे. ती दीर्घकाळ बनावट मानली गेली. २०२२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरची झीज आणि मातीचे थर तपासून ती खरी असल्याचे मत मांडले, आणि अनेक नाणकतज्ज्ञांनी ते मत अमान्य केले. तीनशे वर्षे हाताशी असलेल्या नाण्यांविषयी जाणकारांचे एकमत होत नाही, तिथे छायाचित्रावरून खरे-खोटे ठरवून देण्याचा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

नाणे घासण्याविषयी मी कठोर शब्दांत लिहिणार आहे, कारण तो अपराध माझ्या हातून घडलेला आहे. विद्यार्थिदशेत मला एक सेस्टर्शियस मिळाले होते, अँटोनिनस पायस या सम्राटाची पत्नी थोरली फॉस्टिना हिचे, तिच्या मृत्यूनंतर ‘दिवा’, म्हणजे देवत्व पावलेली, या शब्दासह पाडलेले. त्यावर गडद हिरवा, काचेसारखा गुळगुळीत थर होता आणि तिच्या डोक्यावर गुंडाळलेल्या वेण्यांचा पेड न् पेड त्या थरातून दिसत होता. मला तो थर म्हणजे कळंक वाटला. भांडे घासावे तसे मी ते नाणे आंबट रसात रात्रभर ठेवले आणि सकाळी तारेच्या ब्रशने घासले. थर निघाला, त्याच्याबरोबर वेण्याही गेल्या, आणि हातात पिवळट, खडबडीत, ओळखू न येणारा धातूचा तुकडा राहिला. धातूचा वरचा पृष्ठभागच काळाच्या ओघात त्या थरात बदललेला असतो. बारीक कोरीवकाम त्याच्या खाली नसते, त्याच्यातच असते, हे मला ते नाणे गेल्यावर कळले. ते मी अजून जपून ठेवले आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आधी तेच दाखवतो.

या थराहून एक वेगळी गोष्ट मात्र खरोखर रोग आहे. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी, नखाने सहज निघणारी भुकटी दिसली, तर ती क्षारांमुळे आतून चालू असलेल्या झिजेची खूण असते. असे नाणे इतरांपासून लगेच वेगळे करावे, कोरड्या जागी ठेवावे आणि जतनतज्ज्ञाला दाखवावे. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नयेत, त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांनी नाण्यावर चिकट हिरवट लेप चढतो.

किमतीचा विचार मी इतक्या उशिरा करतो आहे, कारण वर सांगितलेले सगळे झाल्याशिवाय तो करताच येत नाही. एकाच प्रकारच्या दोन नाण्यांत दहापटीचा फरक पडू शकतो: ठसा मधोमध बसला आहे का, चेहरा कुशल हाताने कोरलेला आहे का, अक्षरे पूर्ण आहेत का, पृष्ठभाग अस्पर्श आहे का. मग मागणी. ओथो इ. स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने सम्राट होता. ज्यांना पहिल्या बारा सीझरांचा, म्हणजे ज्युलियस सीझर आणि त्यानंतरच्या अकरा सम्राटांचा, संच पुरा करायचा असतो त्या सगळ्यांना त्याचे नाणे हवे असते आणि ते थोडे आहे, म्हणून झिजलेला ओथोही महाग जातो. उलट टायबेरियसचा, मागे आसनस्थ स्त्री असलेला दिनारियस काही दुर्मीळ नाही. पण बायबलमध्ये येशूला दाखवलेले करभरण्याचे नाणे ते हेच, अशी समजूत असल्याने नाणी न जमवणारेही तो शोधतात आणि त्याची किंमत त्याच्या संख्येच्या मानाने चढी राहते. ज्याला कोणी मागत नाही असे अत्यंत दुर्मीळ नाणे स्वस्तात मिळते, हेही मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून विक्रेत्याने लावलेली किंमत हा आधार धरू नये. त्याच प्रकारच्या, तितक्याच झिजलेल्या नाण्यांना गेल्या काही वर्षांत लिलावांत प्रत्यक्ष काय मिळाले ते पाहावे, आणि त्यात लिलावगृहाचे शुल्क धरले आहे की नाही हेही तपासावे.

आता ब्रूटसचे ते सोन्याचे नाणे. बेचाळीस लाख डॉलरला गेलेल्या त्या नाण्याचा मालकीचा पूर्वेतिहास खोटा रचलेला असल्याचे न्यूयॉर्कच्या तपास अधिकाऱ्यांना आढळले, नाणे जप्त झाले आणि २०२३ मध्ये ग्रीसला परत देण्यात आले. नाणे खरे होते, उत्तम स्थितीत होते, जगातल्या तिनांपैकी एक होते. कागद मात्र खोटे होते. प्राचीन वस्तूंच्या बेकायदा व्यवहाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे, आणि त्याआधीपासून नाणे एखाद्या संग्रहात असल्याचा पुरावा असला तर जाणता ग्राहक त्यासाठी अधिक किंमत मोजतो.

ट्राजनचे नाणे घेऊन आलेल्या त्या मुलीला मी सांगितले की हा प्रकार सर्वसाधारण आहे आणि किंमतही बेताचीच येईल. ती निघताना नाणे नव्या डबीत ठेवून कागदाचे जुने पाकीट कचऱ्यात टाकणार होती. मी ते हातात घेऊन पाहिले. पाठीमागे फिकट शाईत, तिच्या वडिलांच्या अक्षरात, खरेदीची तारीख होती, साल १९६८, आणि खाली ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव. “हे पाकीट नाण्याबरोबरच राहू दे,” एवढेच मी तिला म्हणालो, आणि वजन, व्यास व वाचलेला मजकूर एका चिठ्ठीवर लिहून तीही त्यात घालून दिली.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीतल्या छायाचित्रात, भिंगाखाली पाहिल्यावर, समोरासमोर उभे दोन सैनिक आणि त्यांच्या मधे एकच ध्वज दिसतो. कडेची जी अक्षरे उमटली आहेत ती ‘ग्लोरिया एक्सर्सितुस’, म्हणजे सैन्याचा गौरव, या मजकुराशी जुळतात. दोन ध्वजांचा प्रकार इ. स. ३३० पासूनचा, एका ध्वजाचा ३३५ ते ३४१ या काळातला; म्हणजे नाणे दोन हजार नव्हे, सुमारे सतराशे वर्षांचे आहे आणि तांब्याच्या अतिशय विपुल प्रकारांपैकी एक आहे. पण या प्रकारावर समोर कॉन्स्टंटाइन असू शकतो, त्याच्या तीन मुलांपैकी कोणी असू शकतो, किंवा त्याचा पुतण्या डेल्मेशियस, जो ३३५ मध्ये ‘सीझर’, म्हणजे दुय्यम सम्राट, झाला आणि ३३७ मध्ये मारला गेला. शेवटचे नाव असेल तर नाणे खरोखर कमी आढळणारे आहे आणि किमतीविषयीचे माझे मत मला बदलावे लागेल. आपण छापलेले छायाचित्र खालच्या बाजूने कापलेले असल्याने टांकसाळीची खूणही दिसत नाही. त्या नाण्याच्या दोन्ही बाजू, पूर्ण कडेसह, वजन आणि व्यास देऊन येत्या अंकात पुन्हा छापाव्यात, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक